फक्त ड्रायव्हरची सीट

टायरच्या दुकानामागे जुने टायर कसे साठतात, हे टायरचं दुकान चालवूनही मला कळलेलं नाही. कुणी विकत नाही, कुणी मुद्दाम आणून देत नाही, तरी ढीग वाढतोच. आमच्या गाडीवेड्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावरचे किस्से तसेच. एक सांगायला ओढावा, तर त्याच्यासोबत दुसरे चार घरंगळत येतात.

मी परभणीचा, नाव दत्ता. दुकानात बसून मी टायर कमी आणि मोबाइल जास्त बघतो, असं माझ्या बायकोचं, अर्चनाचं मत. मुळात मला बसवतच नाही. रेल्वे फाटकाला थांबलो तरी माझा उजवा पाय आपोआप हलत राहतो. "तुमच्या अंगात देवानं इंजिन बसवलं अन् ब्रेक बसवायला इसरला," असं ती म्हणते.

अशा माणसाला लोकांनी मॉडरेटर केलं! मॉडरेटरचं काम काय, तर स्वतः शांत बसून दुसऱ्यांना शांत करायचं.

* * *

कट्ट्यावर सगळ्या मराठवाड्यातले लोक. कुणी मायलेजबद्दल रडतंय, कुणी हार घातलेली नवी गाडी दाखवतंय. त्या गर्दीत एकदा वालूरच्या वैजनाथनं प्रश्न टाकला. वैजनाथचा धंदा पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचा. घरी वडिलांची जुनी आठशे सीसीची गाडी. वडील गेल्यापासून ती गोठ्याशेजारी उभी होती. तिची मातीवर पळवायची रेस गाडी करायचीय, मागचं सस्पेन्शन कडक कसं करू, एवढंच त्यानं विचारलं होतं.

उत्तरं धडाधड आली. "अभिनंदन!" "पेढे कधी?" "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

त्याच्या जरा वर कुणाच्या तरी लेकराच्या वाढदिवसाचा फोटो होता, त्याचा हा पाऊस. वैजनाथ बिचारा संस्कारी. त्यानं प्रत्येकाला "धन्यवाद" लिहिलं आणि सस्पेन्शन तसंच राहिलं.

माझं डोकं फिरलं. मी तडक कट्ट्याच्या मेन अ‍ॅडमिनना फोन लावला. ते पुण्यात असतात, सगळे त्यांना सर म्हणतात. म्हटलं, फक्त रेससाठी बांधलेल्या गाड्यांना वेगळी खोली द्या, तिथं वाढदिवस नको, हार नको.

सर म्हणाले, "देतो. पण तुमच्याकडे गप्पा फार होतात, असा अनुभव आहे. होळीपर्यंत त्या खोलीतली एक तरी गाडी स्वतःच्या इंजिनावर धावताना व्हिडिओत दिसली पाहिजे. नाही दिसली तर खोली बंद."

दिवाळी नुकतीच झाली होती. होळी मला लांब वाटली. मी हो म्हणून बसलो.

तुम्ही म्हणाल, बंद झाली तर झाली, मोबाइलमधली खोली ती! पण दुकान माझ्या वडिलांनी टाकलेलं, घर अर्चनाच्या शिस्तीत चालतं. सगळ्या जगात माझ्या हातानं मांडलेली जागा ती एकच होती. ती जाऊ द्यायची नव्हती.

* * *

खोली उघडली आणि पहिल्याच सकाळी फोटो येऊन पडले. एक ट्रॅक्टर. एक उसाची ट्रॉली. एक पांढरी गाडी, बोनेटवर 'आईचा आशीर्वाद'. मी एकेक उडवत बसलो. गिऱ्हाईक समोर टायर घेऊन उभं आणि मी फोटो उडवतोय!

मग नियम केला. नियम क्रमांक एक, लाल अक्षरात: "रेस गाडी म्हणजे जिच्यात फक्त ड्रायव्हरची सीट असते. दुसरी सीट दिसली की गाडी खोलीबाहेर." त्याच्याखाली नियम दोन: "गाडीत बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट."

आता कुणाची हिंमत होणार नाही, असं मला वाटलं. तर पाथरीच्या एका वडाप जीपवाल्यानं आपल्या जीपचा फोटो टाकला. मी भडकून लिहिलं, "नियम वाचता येतो का?"

त्याचं उत्तर आलं, "वाचला की साहेब. आमच्या जीपमधी बी ड्रायव्हरचंच शीट हाय. बाकीचे लटकतेत!"

* * *

ताडकळसच्या बालाजीची ओळख करून देतो. त्याचं बाजारात मोबाइलचं दुकान. आमच्या खोलीतला सर्वांत उत्साही माणूस, फक्त त्याच्याकडे गाडी नाही. पण गाडी नसली म्हणून काय झालं, त्यानं नंबर घेतला! दारावर लावायचा मोठा एक नंबरचा स्टिकर छापून आणला आणि जाहीर केलं, "एक नंबर बुक झाला. बाकीच्यांनी बगून घ्या."

त्यावरून जी जुंपली, ती संक्रांतीपर्यंत चालली. कुणाला सात पाहिजे, कुणाला नऊ. गाडीच्या चेसिसला कुणी हात लावायला तयार नाही आणि आकड्यासाठी एकमेकांचं तोंड बघेनात. शेवटी आकडे वाटून दिले. तीन मात्र कुणी घेईना. "तीन तिगाडा, काम बिघाडा," म्हणून सगळे मागं सरले.

वैजनाथ तेवढे दिवस खोलीत फिरकलाच नव्हता. तो गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा तीनच उरला होता.

"चालंल की," तो म्हणाला, "नंबर इंजिनात थोडाच जायलाय!"

तेव्हा मला कळलं, आमच्या खोलीची होळी ह्या एका माणसाच्या हातात आहे.

* * *

रेस गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा लागतो, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून. तो करायला आम्ही पाथरीच्या मुजीबभाईंना गाठलं. मुजीबभाई म्हणजे वेल्डिंगचा बादशहा. तालुक्यातल्या निम्म्या खिडक्यांना त्यांचं ग्रिल. वैजनाथनं त्यांना पाइपाचं माप दिलं, चित्र दिलं, गाडी त्यांच्या दारात सोडली.

आठवड्यानं आम्ही गाडी आणायला गेलो. पिंजरा एकदम भक्कम. हत्तीनं पाय दिला तरी वाकणार नाही. पण दोन्ही दारांच्या आडव्या पाइपांवर, पिसारा फुलवलेला एकेक मोर!

मी हातवारे करायला लागलो. "मुजीबभाई, ही रेस गाडी आहे! मोर कशाला?"

मुजीबभाईंना माझा रागच कळेना. चष्मा वर करून म्हणाले, "ऐसा नंगा पाइप कैसा देऊं भाई? लोगां देखेंगे तो क्या बोलेंगे? काम मेरा है ना!"

मी कापून काढा म्हटलं. वैजनाथनं मोरावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेतलं. "ऱ्हाऊ द्या दत्ताभाऊ. त्यांनी पैसे निस्ते पाइपाचे घेतलेत. मोर त्यांच्याकडून हाय."

मोर राहिले.

* * *

रेस गाडी हलकी पाहिजे. मोरांची भरपाई म्हणून वैजनाथनं जे निघेल ते काढलं. सीटा तर आधीच निघालेल्या. पत्रे, कार्पेट, रेडिओ, हॉर्न, चावीचं कुलूपसुद्धा काढलं आणि तिथं लाल बटण बसवलं. दाबलं की इंजिन सुरू. शेवटी हँडब्रेकही काढला. तेव्हापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावून उभी करायची, अशी पद्धत पडली.

मग वजन करायचं ठरलं. वजनकाटा कुठं, तर सेलूकडच्या एका जिनिंगवर. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आमची बिनकाचेची आठशे, दोरीनं ओढून आणलेली! पुढचा शेतकरी मागं वळून वळून बघत होता. वैजनाथला म्हणाला, "पाव्हणं, कापूस तर दिसंना की!"

आमचा नंबर आला. काट्यावर गाडी चढवली. काट्यावरच्या माणसानं आकडा बघितला, गाडी बघितली, आणि सवयीनं हात आत घालून तळाचा पत्रा चाचपला.

"ओल हाय का?" त्यानं विचारलं.

"कशाची ओल?"

"मंग वजनात कट किती मारू?"

आम्ही त्याला समजावलं, बाबा, वजन कमी करायचंय म्हणून मोजायला आलोय. तो मनापासून हसला. "एवढंच व्हय! सांगा, किती कमी करू? पावतीवर लिहून देतो."

खरं वजन मात्र दिलदार नव्हतं. एवढं सगळं उचकटूनही गाडी पहिल्यापेक्षा जड भरली. मुजीबभाईंनी पाइप वापरला होता तो गोठ्याच्या शेडचा!

* * *

महाशिवरात्र झाली. सरांचा मेसेज आला, "प्रगती?" एकच शब्द. मी दुकानात येरझारा घालायला लागलो. बाकीच्यांच्या गाड्यांना अजून चाकं नव्हती. वैजनाथचं इंजिन मात्र जागेवर छान चालत होतं. मी त्याला फोन केला. म्हटलं, काढ गाडी, शेताच्या रस्त्यानं एक चक्कर मार, बालाजी व्हिडिओ काढील, विषय संपला.

"आई बसल्याबिगर इंजिनावर चाक हलणार न्हाई, दत्ताभाऊ," तो म्हणाला.

आमच्याकडे नव्या गाडीत पहिली बसते ती घरातली आई. गाडी मारुतीच्या देवळाला फिरवून आणायची, मग बाकीच्यांनी बसायचं. म्हटलं, अरे पण ही कुठं नवी? तो म्हणाला, खिळाखिळा काढून परत जोडली, म्हणजे नवीच. मग बोलला, "बापाची गाडी हाय. आई न्हाई बसली तर मी ती मोडली असं होईल. बसली तर बांधली."

हे ऐकून माझा पाय हलायचा थांबला.

"मग बसव की आईला," मी म्हटलं.

"ती म्हणायलीय, मागचं शीट बसीव. अन् तुमी म्हणायलाव, मागचं शीट बसवलं की गाडी बाहेर."

नियम क्रमांक एक. लाल अक्षरात. माझ्याच हातचा!

* * *

मी वालूरला गेलो. वैजनाथची आई ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. कशावर? गाडीतून काढलेल्या मागच्या सीटवर! वडिलांनी घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर अजून त्यावर तसंच होतं.

"ये बाबा, बस," म्हणून मावशीनं सरकून जागा केली. मी तिच्या शेजारी बसलो. गोठ्याकडे तोंड करून आम्ही दोघं गाडी नसलेल्या सीटवर बसलेलो.

मी विषय काढला. म्हटलं, मावशी, एकदा पुढच्या सीटवर बसा, दोन मिनिटांचं काम आहे. वैजनाथ गाडी ढकलत नेईल.

"पुढं म्या कधी बसले न्हाई," ती डाळीतून डोकं न काढता म्हणाली. "गाडी आली तवा पुढं सासरे बसायचे. म्या मागं, पोरं अन् पिशव्या घिऊन. सासरे गेले, मंग पुढं मोठे दीर बसायले. नंतर ह्यो वैजनाथ मोठा झाला. माझी जागा मागंच. आता तुमी ती जागाच काढली. म्या कुठं बसू?"

मीही डाळीतले खडे वेचायला लागलो. तिनं माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

"पाय कामून हलवायलास बाबा? गाडी उभी हाय."

* * *

परत येऊन मी खोलीत मतदान लावलं. पर्याय दोन. एक, मावशींसाठी मागची सीट चालेल. दोन, नियम म्हणजे नियम. म्हटलं, लोक जे ठरवतील ते. बालाजीनं गुपचूप तिसरा पर्याय टाकला: "दोन्ही". तोच बहुमतानं निवडून आला!

मुजीबभाईंनी व्हॉइस मेसेज पाठवला, "अम्मा के वास्ते शीट मैं वेल्डिंग करके देता. कौन बाहर निकालता देखता मैं." सरांनी लिहिलं, "नियम तुम्हीच केलेला आहे. मोडायचा असल्यास खोली बंद करून मोडावा."

मी मोबाइल टायरच्या ढिगावर फेकला. मग तो शोधायला अर्धा ढीग उपसावा लागला. अर्चना दुकानात डबा घेऊन आली होती, ती बघत उभी राहिली. "ब्रेक," एवढंच म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

* * *

होळीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे वालूरला जमलो. मी, बालाजी, मुजीबभाई. काय करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. घरी बसवेना म्हणून आलो होतो. तीन नंबरची आठशे अंगणात उभी. वैजनाथनं ती धुऊन पुसून ठेवलेली, चाकाखाली दगड, पहिला गिअर.

मावशी आतून आली. इस्त्रीचं लुगडं, हातात नारळ, लिंबू आणि हळदकुंकू. तिनं बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू चाकाखाली ठेवलं. मग गाडीभोवती एक फेरी मारून आत वाकून बघितलं.

"एकच शीट हाय व्हय?"

"एकच, आई," वैजनाथ खाली बघत म्हणाला.

"मंग त्याच्यावर बसायला काय झालं?"

कुणी काही बोलायच्या आत तिनं दार उघडलं. आडवा पाइप आला. तो ओलांडायला धरायचं कुठं? मावशीनं मोराची मान पकडली, पाय आत टाकला आणि बरोबर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. मुजीबभाई माझ्याकडे बघून फक्त मिशीतल्या मिशीत हसले. मी दुसरीकडे बघितलं.

पण मी मॉडरेटर! "मावशी, हेल्मेट," मी म्हटलं. "नियम दोन."

"डोक्यावर पदर हाय की."

"तरी पण."

तिनं हेल्मेट घातलं. आणि हेल्मेटवरून पदर घेतला.

बालाजीनं मोबाइल वर धरला. ठरलं असं की वैजनाथ दगड काढणार, गाडी न्यूट्रल करणार आणि आम्ही ढकलत मारुतीला नेणार. वैजनाथ वाकला. त्यानं दगड ओढून काढला.

"ह्ये लाल बटण कशाचं रे?" मावशीनं आतून विचारलं. आणि दाबलं.

गाडीनं असा हिसका दिला की लिंबाचा रस माझ्या पँटवर उडाला! इंजिन धडधडलं, आठशे फाटकातून बाहेर पडली आणि मारुतीच्या रस्त्याला लागली. पहिलाच गिअर, वेग पळणाऱ्या माणसाएवढा, पण पळणारी माणसं आम्ही! वैजनाथ खिडकीच्या बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मुजीबभाई चप्पल हातात घेऊन. बालाजी सर्वांत मागं, मोबाइल वर धरून ओरडतोय, "काकू, इकडं बगा!"

"आई, ब्रेक! मधला पाय! मधला!"

मावशीला ऐकूच जात नव्हतं. एक तर हेल्मेट, त्यात पदर. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, नजर समोर. पारावरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मारुती उजव्या हाताला ठेवून तिनं देवळाला व्यवस्थित वळसा घातला. मला वाटलं, आता थांबेल. पण तिनं दुसरी प्रदक्षिणा धरली. मग तिसरी. इतकी वर्षं बसल्या जागी हलणारा माझा पाय आता खरोखर पळत होता, आणि मी जोरजोरात हसत होतो. कधी हसायला लागलो, ते कळलं नाही.

तिसऱ्या फेरीनंतर ती परत घराकडे वळली. गाडी अंगणात शिरली, तिचं नाक कडब्याच्या गंजीत घुसलं आणि इंजिन बंद पडलं.

खिशातला मोबाइल वाजला. बालाजीचा व्हिडिओ थेट खोलीत जात होता. सरांनी लिहिलं होतं, "नियम एक आणि दोन पाळलेले दिसतात. खोली राहील. ड्रायव्हरचं नाव कळवावं."

मी ते वाचून दाखवलं, पण वैजनाथचं लक्ष नव्हतं. तो धापा टाकत दार उघडत होता, डोळ्यांत पाणी. "आई, लागलं का कुठं? भ्यालीस का?"

मावशीनं पदर काढला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. समोर गंजी, तरी ती काचेच्या रिकाम्या चौकटीतून जरा वेळ पुढंच बघत राहिली.

"वैजनाथ," ती म्हणाली, "ते मागचं शीट ओसरीतच असू दे."